हेलो इन्फिनिट: गोल्डमधून प्लॅटिनममध्ये

हेलो इन्फिनिट या ऑनलाइन बंदूकबाजीच्या गेममधली माझी रँक बरेच दिवस गोल्डच्या वरच्या पायऱ्यांवर घुटमळत होती, ती अखेर प्लॅटिनममध्ये गेली. सीएसआर (रँक ठरवणारा आकडा) ९०० झाला की प्लॅटिनम, १२०० ला डायमंड आणि १५०० पासून ऑनिक्स, म्हणजे चढायचं अजून पुष्कळ बाकी आहे. पण एवढं खेळल्यावर माझं मत पक्कं झालंय. पॅड (कंट्रोलर) हातात घेऊन समोरासमोरची लढाई खेळायची, तर इतकी घोटून बसवलेली लढाई मला दुसऱ्या कुठल्या कन्सोल गेममध्ये मिळालेली नाही. तिच्याभोवती जे काही उभं केलंय, ते मात्र तिच्या तोडीचं नाही.

आधी पॅडबद्दल, कारण सगळ्यात जास्त फरक तिथंच पडला. बटणांच्या मूळ मांडणीत उडी मारायची तर उजवा अंगठा स्टिकवरून उचलून ए बटणावर न्यावा लागतो, आणि तेवढा वेळ नेम बेवारस राहतो. बंपर जंपर मांडणीत उडी डाव्या बंपरवर (पॅडच्या वरच्या कडेचं बटण) आणि ठोसा उजव्या बंपरवर येतो. अंगठा स्टिकवरच राहतो, म्हणजे हवेत असतानाही नेम धरता येतो. बोटांना सवय लागेपर्यंत गुण घसरतात, पण मागं फिरू नका. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर किती रुंद दिसतं ते, मूळचा ७८ अंश असतो, तो १२० पर्यंत नेता येतो. मी १०० च्या आसपास ठेवलाय. त्याच्या वर नेलं की लांबचा माणूस फारच बारीक दिसतो. लुक अ‍ॅक्सिलरेशन (स्टिक धरून ठेवली की नजर फिरण्याचा वेग वाढत जाणं) कमी केलं आणि मधला डेडझोन (स्टिक हलवूनही काही होत नाही ती जागा) हळूहळू खाली आणत, स्टिक आपोआप सरकायला लागते त्याच्या जरा अलीकडं थांबलो. टीव्हीवर खेळणाऱ्यांनी टीव्हीचा गेम मोड (चित्र उशिरा न दाखवणारी सेटिंग) चालू आहे ना, एवढं आधी बघावं. तो बंद असेल तर बाकी सेटिंगवर डोकं फोडण्यात अर्थ नाही.

आता लढाई. सुरुवातीला सगळ्यांच्या हातात सारखीच हत्यारं असतात. खेळून-खेळून चांगली बंदूक मिळवलेला जुना खेळाडू आणि कालच आलेला नवा, असा भेद इथं नाही. जे काही जादा पाहिजे ते मॅपवरून (लढाईच्या मैदानातून), सगळ्यांच्या देखत उचलायचं. दुसरं म्हणजे शील्ड, अंगाभोवतीचं संरक्षक कवच. पहिल्या दोन गोळ्यांत माणूस संपत नाही. बॅटल रायफलच्या एका झटक्यात तीन गोळ्या सुटतात. नेम चुकला नाही तर तीन झटक्यांत शील्ड जातं आणि चौथा डोक्यात बसला की काम होतं. मधल्या वेळात समोरच्याला वळता येतं, खांबाआड जाता येतं, फ्रॅग (ग्रेनेड) टाकता येतो. आमच्याकडच्या फडात पैलवान हात मिळवल्या-मिळवल्या डाव टाकत नाहीत, आधी खडाखडी होते आणि जाणकार ती खडाखडीच डोळ्यांत तेल घालून बघतात. इथली खरी मजा त्याच जागी आहे.

एक चकमक सांगतो. अ‍ॅक्वेरियस मॅप, दोन्हीकडं एकसारखे तळ. हातात एमए४० रायफल आणि साइडकिक पिस्तूल. समोरचा कोपऱ्यावरून आला, त्यानं आधी मारलं, माझं शील्ड संपत आल्याची शिट्टी वाजायला लागली. मी मागं न पळता खांबाला धरून सरकत राहिलो. एमए४० ची गोळी त्याला लागतच होती. त्याचं शील्ड लखकन फुटलेलं दिसलं तसा त्याच क्षणी पिस्तुलावर गेलो आणि एक गोळी डोक्यात. रायफलनं शील्ड काढायचं आणि पिस्तुलानं शेवट करायचा, हा बदल जिथं हातात बसला तिथून माझी रँक हलायला लागली. रायफलची शिल्लक काडतुसं संपवत बसण्यापेक्षा हे कितीतरी जलद होतं.

रिपल्सर या समोरचं ढकलून देणाऱ्या साधनाबद्दल लिहायलाच पाहिजे. अंगावर येणारा ग्रेनेड, रॉकेटसुद्धा, वेळ साधली तर उलट फिरवता येतो. कठड्याजवळ उभ्या माणसाला थेट खाली ढकलता येतं. ग्रॅपलशॉट या आकड्याच्या दोरानं लांबचं हत्यार ओढून घेता येतं. ही साधनं मॅपवर पडलेली असतात आणि मोजक्याच वेळा वापरता येतात, त्यामुळं खेळ बिघडत नाही. धावण्याचंही तसंच. पळायला लागलं तरी वेग थोडासाच वाढतो, म्हणून अंगाशी आलं की सुसाट निघून जायची सोय कुणालाच नाही.

गोल्ड आणि प्लॅटिनममधला फरक मला नेमापेक्षा वेळेचा वाटतो. ओव्हरशील्ड (जादा शील्ड), स्नायपर, रॉकेट ठरावीक अंतरानं परत येतात. प्लॅटिनममधले लोक त्याच्या आधीच ती जागा धरून उभे असतात. रँक्डमध्ये (रँकसाठीच्या मॅचमध्ये) रडार नसतो आणि आपलीच गोळी आपल्या माणसाला लागते, त्यामुळं बोलणं भाग पडतं.

आता दुखणं. भिंतीच्या पूर्ण आड गेल्यावर मरणं, समोरासमोर ठोसा मारला आणि तो आरपार गेला, हे अजूनही होतं. आपल्या पडद्यावर आपण कुठं आहोत याचा अंदाज कन्सोल आधीच दाखवतो, निवाडा मात्र सर्व्हर करतो. दोन्हींत अंतर पडलं की निकाल सर्व्हरचा. हे कमीजास्त सगळ्याच ऑनलाइन गेममध्ये असतं, पण जिथं एका चकमकीत इतका वेळ जातो आणि ठोशावर इतकं अवलंबून असतं, तिथं ते जास्त टोचतं. सांगलीतून खेळताना त्यात भर पडते. रात्री उशिरा खेळाडू कमी झाले की मॅच लवकर लागत नाही, लागली तर लांबच्या सर्व्हरवर. मी वायफाय सोडून जिन्यावरून लॅनची केबल ओढून घेतली आणि राउटरला छोटा यूपीएस लावला. विश्रामबागेत पावसाळ्यात लाइट क्षणभर जाऊन येते. राउटर परत सुरू होईपर्यंत मॅच हातची गेलेली असते, वर मॅच सोडल्याची शिक्षा आपल्यालाच आणि टीम तिघांवर. हा यूपीएस मी आधी सांगेन, महागडा पॅड नंतर.

माझी सगळ्यात मोठी तक्रार स्प्लिट-स्क्रीनची (एकच पडदा वाटून घेऊन खेळायची सोय) आहे. मल्टिप्लेअरमध्ये ती आहे आणि उत्तम चालते. मिरजेहून चुलतभाऊ रविवारी येतो, आम्ही दोघं एका टीव्हीवर बॉट्सविरुद्ध (गेमच चालवतो ते खेळाडू) खेळतो, स्पार्टन या सगळ्यात कठीण पातळीचे बॉट्स लावून. "दादा, डावीकडनं आला बघ, वरनं!" एवढ्या हाकेनं जे शिकायला होतं ते एकट्यानं होत नाही. पण कँपेनची (कथेच्या भागाची) स्प्लिट-स्क्रीन देतो म्हणून सांगितलेली २०२२ मध्ये रद्द झाली. एका सोफ्यावर बसून खेळायची सवय ज्या मालिकेनं २००१ पासून लावली, तिनं हे करावं याचा मला मनापासून राग आहे.

बाकी थोडक्यात. मल्टिप्लेअर फुकट आहे, पण चिलखताचे रंगसुद्धा दुकानात विकतात, हे मला पटत नाही. फोर्ज हे मॅप बनवायचं साधन यायला नोव्हेंबर २०२२ उजाडला, म्हणजे गेमनंतर एक वर्ष. तोवर लोक गळाले होते. फोर्ज आल्यावर खेळणाऱ्यांनीच इतके चांगले मॅप बनवले की नंतरचा गेम मुख्यतः त्यांनीच जगवला, असं मी म्हणेन. नोव्हेंबर २०२५ च्या 'ऑपरेशन: इन्फिनिट' नंतर मोठी भर पडणार नाही, आणि मालिकेतल्या पुढच्या, जाहीर झालेल्या 'कँपेन इव्हॉल्व्ह्ड' मध्ये एकमेकांविरुद्धचा खेळ नाही. अरीना (समोरासमोरची टीमची लढाई) खेळायचं तर सध्या हाच गेम.

पुढच्या टप्प्यात ग्रेनेड. प्रत्येक वेळी उभं राहिल्यावर दोन फ्रॅग मिळतात आणि माझे बहुतेक वेळा वापराविना जातात. अ‍ॅक्वेरियसवर भिंतीला टेकवून कोपऱ्यापलीकडं टाकण्याचा सराव बॉट्सवर चालू केलाय. तो जमला की हाच सराव बझार मॅपवर, आणि मग सीटीएफमध्ये (समोरच्या टीमचा झेंडा पळवून आणायचा प्रकार) झेंडा घेऊन पळणाऱ्याची वाट अडवायला.