बोअरच्या पाण्याने मेलेलं इंजिन

२०२१च्या दिवाळीआधीची गोष्ट. सोलापूरहून पत्रे भरून येत होतो, आणि तुळजापूरचा घाट चढताना पिकअपने मान टाकली. गरमीचा काटा आधी हळूहळू वर गेला, मग एकदम खाली आला. खाली आला म्हणून मी खूश झालो आणि गाडी तशीच रेटली. खरं तर रेडिएटरात पाणीच उरलं नव्हतं. काट्याचा बल्ब पाण्यात बुडालेला नसला की तो नुसती हवा मोजतो. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

गाडी महिंद्राची, २००८ची, २५२३ सीसीचं डीआय इंजिन. ओढून औशाला चाचांच्या गॅरेजात आणली. डिपस्टिक ओढली तर ऑइल दूध जास्त झालेल्या चहासारखं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवलं तेव्हा तीन नंबरच्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हच्या मधोमध केसाएवढी चीर दिसली. पण मला खरा धक्का बसला तो ब्लॉकमधली पाण्याची भोकं बघून. करंगळी जावी अशी ती भोकं, त्यात आता उदबत्तीची काडीसुद्धा मुश्किलीने जात होती. आत सगळा पांढरा क्षार, घरच्या हीटरच्या कॉइलवर बसतो तसाच.

"मालक, गाडी बोअरवर चालवली का काय?" चाचांनी विचारलं. मी आबांकडे बघितलं, आबा रस्त्याकडे बघायला लागले.

आमच्याकडे रेडिएटरात कायम बोअरचंच पाणी. रोज सकाळी आबा कळशीने टाकणार. जड पाणी तापलं की त्यातला चुना धातूवर बसतो. तो थर उष्णता पुढे जाऊ देत नाही, हेड तापतं आणि एक दिवस तडकतं. पण आबांना तरी काय बोलणार? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. माणसाला प्यायला नाही तिथे गाडीसाठी डिस्टिल्ड वॉटर कोण विकत आणणार होतं?

इंजिन परत बांधायचा विचार केला, पण क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, आधीच दोनदा घासलेला होता. "आता घासायला लोखंडच राहिलं न्हाई," चाचा म्हणाले. मग ठरलं, दुसरं बसवायचं.

सल्ले फुकट मिळाले. एक म्हणाला, टाटा २०७चं टाक, २९५६ सीसी आहे, घाट हसत चढशील. ताकदीचं खरं, पण फाउंडेशन (इंजिन बसायची जागा) वेगळं, बेल हाउसिंग (गिअरबॉक्स जोडायचं कवच) वेगळं, आणि कागदावर ते कधीच बसणार नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि २०१९च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा अर्थ आमच्या ओळखीच्या आरटीओ एजंटाने एका वाक्यात सांगितला: त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसव, परवानगी घेऊन बसव. अपघात झाला आणि आरसीवरचा नंबर जुळला नाही तर विमा कंपनीला आयतंच कारण मिळतं. म्हणून आधी अर्ज केला, मग इंजिन शोधायला निघालो.

सोलापूरला जुन्या मालाच्या एका व्यापाऱ्याकडे २००६च्या पिकअपचं डीआय इंजिन मिळालं. चाचांनी आधी ब्लॉकला तळहात लावला. गिऱ्हाईक यायच्या आधी गरम करून ठेवलेलं इंजिन लगेच सुरू होतं. त्यांना गारच बघायचं होतं. बॅटरी लावून, कॅनमधून डिझेल देऊन जमिनीवरच चालवलं. ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवलं. झाकण थरथरलं, उडालं नाही. रिंगा झिजल्या असत्या तर उडालं असतं. ४६,००० ला सौदा झाला. बिल आणि मूळ गाडी भंगारात काढल्याचे कागद हातात आल्यावरच पैसे दिले.

बसवायला दीड दिवस धरला होता, लागले चार. चेन कप्पीवर इंजिन लटकलेलं, मी खालून ढकलतोय, आणि गिअरबॉक्स दोन बोटं बाहेरच. मी म्हटलं, बोल्ट आवळून ओढून घेऊ. चाचा माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. "कान तुटतो त्याचा! मग काय वेल्डिंग करतोस?" इंजिन पुन्हा वर घेतलं, क्लच प्लेट ढिली केली. भंगारातला एक जुना गिअरबॉक्सचा शाफ्ट त्यांनी जपून ठेवलेला. तो प्लेटमधून थेट मधल्या पायलट बेअरिंगपर्यंत, म्हणजे शाफ्टचं टोक जिथे टेकतं तिथपर्यंत घातला, प्रेशर प्लेट आवळली, शाफ्ट काढून घेतला. या वेळी गिअरबॉक्स 'टक्' आवाज करून आपोआप बसला. तीन तास माझे गेले होते ते प्लेट सुताभर सरकल्यामुळे.

मग डिझेलच्या लाइनमधली हवा काढायची. हँड पंप मारत राहायचं, फिल्टरवरचा बोल्ट ढिला. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. त्यानंतर नोझलचे नट एकेक ढिले करून स्टार्टर. सातव्या-आठव्या खेपेला एक सिलिंडर बोलला, मागोमाग बाकीचे. गल्लीभर पांढरा धूर. आबा समोरच्या टपरीवरून उठून आले.

मी फुशारकीत गाडी गॅरेजबाहेर काढली आणि ब्रेक दाबला तर पेडल दगड. ब्रेकला जोर देणाऱ्या, डायनॅमोच्या मागच्या व्हॅक्यूम पंपाचा पाइप जोडायचा राहिला होता, आणि तो जोडायचं काम माझंच होतं. हँडब्रेकवर गाडी थांबली ती पानटपरीपासून हातभर अंतरावर. टपरीवाला अजून मला ब्रेक इन्स्पेक्टर म्हणतो.

आरटीओत इन्स्पेक्टरनी इंजिन नंबर पाहिला, चॅसी नंबरचा पेन्सिलने ठसा घेतला. नवा नंबर आरसीवर चढला, मग विम्यावर. रेडिएटर नवा घेतला. सगळं मिळून ७८,००० गेले. तोवर सोयाबीनच्या निम्म्या राशी होऊन गेल्या होत्या आणि गावातले कट्टे दुसऱ्याच्या गाडीने लातूरला पोचले होते.

आता रेडिएटरात कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. पुढच्याच महिन्यात भरल्या गाडीने तोच घाट चढलो, काटा मध्यावरून हलला नाही. फ्लायव्हीलकडच्या सीलातून मात्र ऑइल पाझरतं. ते बदलायचं म्हणजे परत गिअरबॉक्स उतरवायचा, म्हणून टाळतोय. रात्री खाली पुठ्ठा टाकतो. सकाळी कळशीऐवजी आबा आता पुठ्ठ्यावरचे थेंब मोजतात. काल तीन होते.