सेकोई, सेकोई

जपानीची एन-थ्री परीक्षा मी पुण्यात पास झाले, पण मला बोलता येत नव्हतं. त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो. पुढे तोक्योत आठवडाभर फिरले, रोज चार-पाच जणांशी बोलले आणि रोज तेच बोलले. कुठून आलात, जपानी किती छान बोलता, भारतात रोज करी खातात का. पहिली दहा मिनिटं मला तोंडपाठ झाली होती. अकरावं मिनिट कधी उजाडलंच नाही.

ते उजाडलं शिकोकू बेटावर. इथे कोबो दाइशी या बौद्ध भिक्षूंच्या नावाने ८८ देवळांची यात्रा करतात, सुमारे १२०० किलोमीटर, पायी. मी सुरुवातीचाच टप्पा करणार होते. ११व्या फुजिइदेरापासून १२व्या शोसान्जीपर्यंतची वाट जेमतेम १३ किलोमीटर, पण डोंगरातली. माणसाला सहा-सात तास सहज लागतात. पहिल्याच चढावर एक आजी भेटल्या. पांढरा सदरा, काठीला घुंगरू. काठी टेकली की किणकिण व्हायची आणि त्या म्हणायच्या, "सेकोई, सेकोई."

पुस्तकात सेकोई म्हणजे कंजूष. कोण कंजूष, मला कळेना. शेवटी विचारलंच. त्या थांबल्या, छातीवर हात ठेवून दोन मोठे श्वास घेऊन दाखवले. इकडे, तोकुशिमा भागात, दम लागला की सेकोई म्हणतात.

मग आम्ही बरोबरच चाललो. त्या कामियामाच्या, सुदाचीची बाग असलेल्या. सुदाची म्हणजे लिंबापेक्षा छोटं, हिरवंगार फळ. त्यांनी एक अर्धं कापून माझ्या पाण्याच्या बाटलीत पिळलं. मुलगा ओसाकात, बाग कोण बघणार? हे त्या सलग बोलत होत्या आणि मी नुसती ऐकत होते, तर मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "समजतंय ना?" समजत होतं. मी हुंकार देत नव्हते, एवढंच. जपानीत या हुंकाराला आइझुची म्हणतात. लोहाराच्या ऐरणीवर दोघांनी आळीपाळीने घण घालावा, त्यावरून आलेला शब्द. मला माझी आजी आठवली. गोष्ट सांगताना आमचा "हूं" आला नाही तर ती पुढे जायचीच नाही. त्यानंतर मी दर वाक्याला "सोऽ देसु ने" म्हणत गेले. तो "ने" अगदी आपल्या "हो ना"मधल्या "ना"सारखा. आजींचा वेग वाढला आणि, खरं सांगते, माझाही.

वाटेतल्या जोरेन-आन या छोट्या देवळाच्या अजस्र सुगीखाली (जपानी देवदार), दाइशींच्या पुतळ्यापाशी भाताचे गोळे खाताना बोलायची पाळी माझी होती. मी आजोबांची वारी सांगितली. वारीला जपानी शब्द नव्हता, पालखीला नव्हता. छोट्या छोट्या शब्दांनी वळसे घालत गेले. तिथे नाव विचारत नाहीत, सगळे एकमेकांना माउली म्हणतात, हे सांगायला मला पाच-सहा वाक्यं लागली. आजींनी मान डोलावली. "आमच्याकडेही नाव नाही विचारत. ओ-हेन्रो-सान, म्हणजे यात्रेकरू, म्हणतात." मला त्यांचं नाव आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी १३व्या देवळात बाकावर बसलेल्या एका काकांनी विचारलं, काल शोसान्जी कसं झालं?

"सेकोकात्ता," मी म्हणाले.

ते मोठ्याने हसले आणि सरकून मला जागा दिली.