सातवा बाण : दांडी आली, टोक आतच!

मंडळी, निघाली एकदाची. दांडी हातात अन् गारगोटीचं टोक बोकडाच्या खांद्यात. मागच्या सहा बाणांची माझी रडारड ज्यांनी वाचलीय त्यांना कळंल मी काऊन नाचायलोय.

ओट्झी म्हंजे आल्प्सच्या बर्फात सापडलेला, पाचेक हजार वर्षांपूर्वी बाण लागून मेलेला माणूस. त्याच्या केसमध्ये माझा काटा इथंच अडकला होता. 2001 च्या एक्स-रेत डाव्या खांद्यात दोनेक सेंटिमीटरचं चकमकीचं टोक दिसलं पण दांडी गायब, म्हंजे कुणीतरी ओढली. पण माझ्याकडं ओढलं की टोकासकट यायचं. पहिल्या तीन बाणांना एपॉक्सी लावलं ही माझीच अक्कल, ते कशाला सुटतंय. चौथ्याला बिब्ब्याचं तेल. कुणी करू नका, आठ दिवस हाताला फोड होते. मग सोनारकामाची राळ, मेण अन् कोळशाची पूड, तर परभणीच्या उन्हात टोक दोरी ताणायच्या आधीच पायावर पडलं. सहावा बाण फ्रिजमध्ये ठेवून मारला, घुसला बरोबर पण हलंना.

चूक बाणात नव्हतीच राव. मी मटण फ्रिजमधून काढून तसंच लिंबाला टांगायलो होतो. बाहेर 3210 मीटरवरची थंडी असू दे, अंगाच्या आत तर 37 डिग्रीच ना! म्हणून ह्या वेळी खांदा पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवला, तापाचं थर्मामीटर लावून (आईनं ते थर्मामीटर आता तूच ठेव म्हणून सांगितलंय), खालून-मागून बाण मारला कारण ओट्झीलाही तसाच लागलाय, दोन मिनिटं थांबलो, जरासा पीळ दिला अन् सुळ्ळकन दांडी बाहेर. खाचेत नुसती काळी राळ.

बाकी, टोकं घडवायला मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची जाड तांब्याची तार लाकडात ठोकून घ्या, ऑनलाइनच्या महागड्या किटपेक्षा झ्याक चालते. मांसाऐवजी बाण मारायला जिलेटिनचा ठोकळा मात्र बंद, मे महिन्यात त्याचं सरबत होतंय.

पुढं धनुष्याचा जोर बदलून बघणार होतो, पण हे टाइप करतानाच डोक्यात आलं की ते राहू द्या, वेळ मोजली पाहिजे. लगेच ओढला तर किती जोर, मिनिटानं किती, पाच मिनिटांनी किती, स्प्रिंगचा काटा लावून. बाण ओळखू येऊ नये म्हणून मारेकऱ्यानंच दांडी नेली असं म्हणणारे हायेत, तांब्याची कुऱ्हाड तिथंच राहिली म्हंजे चोरी तर नव्हती. पण डिंक मऊ व्हायला वेळ लागत असंल तर तो माणूस तेवढा वेळ तिथं उभा होता का? का सोबतच्यानं मदत म्हणून ओढला?

अडचण एकच, त्याच्या भात्यातल्या बाणांना बर्चचं डांबर होतं, माझी राळ कधी वितळते ह्यावरून त्याचा हिशोब लागत नाही. आता बर्च मराठवाड्यात कुठून आणू म्हणत होतो अन् ट्यूब पेटली, भूर्जपत्र म्हंजे हिमालयातला बर्चच की! बंद डब्यात साल भाजली की डांबर गळतं. पूजेच्या दुकानात जाऊन अर्धा किलो मागितलं, तर दुकानदार म्हणाला, भाऊ, कुणावर एवढं मोठं यंत्र काढायलाव?