ट्रेन की बस? तुम्ही विचारलंत म्हणून

लेस्टरला राहायला आल्यापासून हा प्रश्न मला सारखा येतो. सप्टेंबरात शिकायला येणारी मुलं विचारतात, उन्हाळ्यात मुलांकडे येणारे आईवडील विचारतात: इंग्लंडमध्ये एका शहरातून दुसरीकडे जायचं तर ट्रेन बरी की बस? मी उलट विचारते, जायचा दिवस ठरलाय का आणि सामान किती आहे? किती मैल जायचंय हे मी त्यानंतर विचारते.

आपल्याकडे पुणे-मुंबई जनरलचं तिकीट कधीही काढा, भाडं तेच. इथे तसं नाही. लंडनहून मँचेस्टरला ट्रेन सव्वादोन तासांत पोचवते. पण कुठल्याही गाडीला चालणारं परतीचं 'एनीटाइम' तिकीट ३०० पौंडांच्या पुढे जातं. तोच प्रवास 'अॅडव्हान्स' तिकिटावर खूप स्वस्तात होतो. ही तिकिटं साधारण १२ आठवडे आधी विक्रीला येतात, स्वस्तातली आधी संपतात, आणि ठरलेल्या गाडीलाच चालतात. कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, त्याच रस्त्याला चार-पाच तास घेते, शुक्रवारी संध्याकाळी मोटरवे तुंबला तर त्याहून जास्त. पण आदल्या दिवशी तिकीट काढलं तरी भाडं बहुधा आवाक्यातलं असतं.

म्हणून माझं साधं धोरण: तारीख महिनाभर आधी पक्की असेल तर ट्रेन, परवा निघायचं असेल तर आधी कोच बघा. आणि हे मला मनापासून खटकतं. केअर होममध्ये काम करणाऱ्या बाईला पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट या आठवड्यात कळतात. एखाद्याला अचानक मुलाखतीचं बोलावणं येतं, कुणाचं माणूस दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात असतं. आधी ठरवणं त्यांच्या हातात नसतं, आणि नेमकं त्यांनाच सर्वात महाग तिकीट मिळतं. लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे १८३० मध्ये सुरू करणाऱ्या देशात घाईत असलेल्या गरीब माणसाला रेल्वे परवडू नये, हे मला पटत नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी. हीथ्रोला उतरून लेस्टर, नॉटिंगहॅम, कॉव्हेंट्री किंवा बर्मिंगहॅमला जायचं असेल तर पहिल्या दिवशी कोचनेच या. ट्रेनसाठी आधी मध्य लंडनमध्ये जावं लागतं, मग मोठ्या बॅगा ओढत दुसरं स्टेशन गाठावं लागतं. कोच थेट विमानतळावरून सुटते आणि बॅगा तिच्या पोटात जातात. एकच गोष्ट आधी बघा: बऱ्याच कोचमध्ये एका बॅगेला २० किलोची मर्यादा असते, आणि तुम्ही विमानासाठी २३ किलो भरून आणलेली असते. बॅग भरतानाच हे लक्षात ठेवा. विमान उशिरा आलं तर काय, म्हणून दोन-तीन तासांची जागा ठेवून तिकीट काढा.

आईवडिलांना मात्र मी ट्रेनच सांगते. पाय मोकळे करता येतात, स्वच्छतागृह जवळ असतं, आणि लेस्टरहून लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन सव्वा तासाच्या आसपास. ६० च्या पुढच्या कुणालाही सीनियर रेलकार्ड काढता येतं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो, त्यामुळे भेटीला आलेल्यांनाही ते मिळतं. वर्षाला ३५ पौंड, आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. म्हणजे १०५ पौंडांच्या तिकिटांत पैसे वसूल. तरीही ही सोय फार कमी घरांत माहीत असते. गाडी उशिरा पोचली तर 'डिले रीपे' मागा. बहुतेक कंपन्या १५ मिनिटांपासून काही रक्कम परत देतात. अर्ज आपणच करायचा असतो, आणि संकोचापोटी आपली माणसं तो करत नाहीत.

लंडन-बर्मिंगहॅमसाठी लंडनच्या युस्टन स्टेशनबरोबर मेरिलबोन स्टेशनच्या गाड्याही बघा. थोड्या हळू, पण बऱ्याचदा स्वस्त. लीड्स-मँचेस्टरसारख्या जवळच्या शहरांना ट्रेनच. ऑक्सफर्ड-केंब्रिजची थेट रेल्वे १९६७ च्या अखेरीस बंद झाली, तिथे नकाशावर जवळ दिसतं म्हणून फसू नका. लंडनहून कोच पकडणार असाल तर व्हिक्टोरियाचं रेल्वे स्टेशन आणि कोच स्टेशन वेगवेगळं आहे, मधे दहा मिनिटांची चाल आहे. उत्तरेकडच्या बऱ्याच कोच उत्तर लंडनमधल्या गोल्डर्स ग्रीनलाही थांबतात. म्हणून त्याच भागातल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला येणाऱ्यांनी व्हिक्टोरियापर्यंत जायची गरज नाही.

रविवारी रुळांची कामं निघतात, ट्रेनचं तिकीट काढूनही अर्धा रस्ता बदली बसने जावं लागतं, निघण्यापूर्वी तपासा. आणि २५ डिसेंबरला ट्रेन धावतच नाहीत, २६ ला अगदी मोजक्या. काही कोच मात्र तेव्हाही सुटतात. नाताळात विमान उतरणार असेल तर तिकीट काढण्याआधी मला विचारा.