तुम्ही विचारलंत म्हणून: एनएमआर नसलेल्या कॉलेजात पायराझोलिन ओळखायचं कसं?

"आमच्या कॉलेजात एनएमआर नाही. मग आम्ही केलेलं पायराझोलिन खरंच पायराझोलिन आहे, हे कशाच्या जोरावर म्हणायचं?" अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळकडच्या तालुक्याच्या कॉलेजांतली एमएस्सीची मुलं आणि नव्यानं रुजू झालेले प्राध्यापक हा प्रश्न सारखा विचारतात. एनएमआर म्हणजे रेणूतले हायड्रोजन आणि कार्बन कुठे बसलेत हे चुंबकक्षेत्रात दाखवणारं यंत्र. माझं उत्तर असं की निम्म्याहून जास्त ओळख टेबलावरच पटते. नमुना यंत्राकडे पाठवताना त्याला काय विचारायचं हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. तसं नसेल तर चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या सैफसारख्या, बाहेरचे नमुने तपासून देणाऱ्या केंद्रातून ४०० मेगाहर्ट्झचा सुंदर स्पेक्ट्रम येतो आणि आपण त्यात आपल्याला हवं तेच वाचत बसतो.

बोलायला एकच संयुग धरू: ५-(४-क्लोरोफिनाइल)-१,३-डायफिनाइल-२-पायराझोलिन. पाच कड्यांचं वलय, त्यात शेजारी शेजारी दोन नायट्रोजन. हे विषय म्हणून निवडायला संकोच वाटायचं कारण नाही. कपाशीच्या बोंडअळीवर आपल्याकडे मारतात ते इंडोक्साकार्ब १९७० च्या दशकातल्या पायराझोलिन कीटकनाशकांवरच्या कामातूनच पुढे आलं.

पहिली पायरी चाल्कोनची, म्हणजे ज्यापासून पुढे पायराझोलिनचं वलय बनवायचं त्या कीटोनची. अॅसिटोफिनोन १.२० ग्रॅम आणि ४-क्लोरोबेन्झाल्डिहाइड १.४१ ग्रॅम, म्हणजे दोन्ही १० मिलिमोल, २० मिली इथेनॉलमध्ये घ्या. फ्लास्क बर्फात ठेवून १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचं १० मिली द्रावण थेंबाथेंबानं सोडा आणि तापमान २५ अंशांवर जाऊ देऊ नका. दोन-तीन तास ढवळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी बुकनर फनेलवर गाळून गार पाण्यानं इतकं धुवा की धुवणाचं पाणी लिटमसला उदासीन लागेल. मग गरम इथेनॉलमधून स्फटिक काढा. फिकट पिवळं चाल्कोन मिळतं, ते ११३ ते ११५ अंशांच्या आसपास वितळतं.

बर्फाचा आग्रह का? अल्कली गरम झाली की ४-क्लोरोबेन्झाल्डिहाइड कॅनिझारो अभिक्रियेत अडकतं. निम्म्याचं आम्ल होतं, निम्म्याचं अल्कोहोल. शिवाय तयार झालेल्या चाल्कोनवर अॅसिटोफिनोनचा दुसरा रेणू चढून बसतो आणि फ्लास्कच्या तळाशी चिकट तेल उरतं. साध्या बेन्झाल्डिहाइडचं चाल्कोन ५५ ते ५७ अंशांनाच वितळतं. जरा अशुद्ध, जरा इथेनॉल राहिलेलं असलं तर एप्रिल-मेमध्ये ते घट्ट होतच नाही. म्हणून माझा सल्ला असा की वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात प्रोजेक्ट करायचाच असेल तर साधं चाल्कोन घेऊ नका, क्लोरोचं घ्या. मुलांचे आठ दिवस वाचतात.

ऋतूचा विषय निघालाच आहे तर बाटल्यांचंही सांगतो. ४-क्लोरोबेन्झाल्डिहाइड ४७ अंशांच्या आसपास वितळतं. नवतप्यात पत्र्याच्या स्टोअररूममध्ये बाटलीतला खडा अर्धा पातळ होतो. त्यावर पांढरी साय दिसली तर ते हवेनं झालेलं ४-क्लोरोबेन्झोइक आम्ल असतं. ते आधी अल्कली खातं आणि वजनात खोटं मोजलं जातं. डिसेंबरात याच्या उलट. अॅसिटोफिनोन आणि फिनाइल हायड्रॅझिन दोन्ही २० अंशांच्या आसपास गोठतात आणि ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड १६.६ अंशांना. सकाळी कपाट उघडलं की तीन बाटल्या दगड झालेल्या. ज्योतीवर धरू नका, कोमट पाण्यात उभ्या ठेवा. पूर्ण पातळ झाल्यावर हलवा आणि मगच मोजा. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून वरवरचं ओतलं की अशुद्ध भागच जास्त येतो.

आता वलय बंद करायचं. चाल्कोन १.२१ ग्रॅम (५ मिलिमोल), फिनाइल हायड्रॅझिन ०.६ मिली (सुमारे ६ मिलिमोल), ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड १५ मिली. तीन-चार तास रिफ्लक्स करा (वर कंडेन्सर लावून उकळत ठेवा), गार करा आणि ठेचलेल्या बर्फावर ओता. गाळून धुवा आणि इथेनॉलमधून स्फटिक काढा. सगळं चाल्कोन वळलं तर जास्तीत जास्त १.६६ ग्रॅम मिळेल. वहीत त्याहून जास्त वजन दिसलं तर कोणीतरी ओलं तोललंय.

फिनाइल हायड्रॅझिन द्रवरूप घेण्यापेक्षा त्याचं हायड्रोक्लोराइड घ्या, असं मी आवर्जून सांगतो. द्रव हवेनं लाल-तपकिरी होत जातो, हायड्रोक्लोराइड म्हणजे त्याचं मीठ जास्त टिकतं. ०.८७ ग्रॅम मिठासोबत निर्जल सोडियम अॅसिटेट ०.५ ग्रॅम घाला, म्हणजे बेस मोकळा होतो. आणि हातमोज्यांवाचून हे हाताळू नका. फिनाइल हायड्रॅझिन कातडीतून आत जातं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. १८७५ मध्ये ते पहिल्यांदा बनवणाऱ्या एमिल फिशरलाही त्याचा त्रास भोगावा लागला. आपल्या भागात सिकलसेलची मुलं-मुली वर्गात असतात. ज्यांना तो आजार आहे किंवा रक्त कमी आहे, त्यांच्या हाती ही बाटली देऊच नये. त्यांना टीएलसी (प्लेटवर मिश्रणातले ठिपके वेगळे करून पाहणं) आणि स्पेक्ट्रमचं काम द्या, त्यात शिकण्यासारखं जास्त आहे.

कंडेन्सरला उन्हाळ्यात टाकीचं पाणी लावलं तर ते आधीच तापलेलं असतं. कूलरचा छोटा पंप बादलीत टाका, त्यात बर्फाची पिशवी सोडा आणि तेच पाणी फिरवत ठेवा. अॅसेटिक अॅसिड ११८ अंशांना उकळतं, त्यामुळे ते सांभाळून घेतं. इथेनॉलचं रिफ्लक्स मात्र या सोयीवाचून कोरडं पडतं. मधेच वीज गेली तर घाबरू नका. अभिक्रिया थांबते, बिघडत नाही. वीज आली की वेळ पुढे मोजा आणि टीएलसी पाहून ठरवा.

टीएलसीला हेक्झेन आणि एथिल अॅसिटेट ९ ला १ घ्या. चाल्कोन, अभिक्रिया-मिश्रण आणि मध्ये दोन्ही एकावर एक, असे तीन ठिपके द्या. इथे या संयुगाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दिसते. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात प्लेटवर धरा. चाल्कोनचा ठिपका मंद राहतो आणि पायराझोलिनचा ठिपका निळा पेटतो. पहिल्या अर्ध्या तासातच फ्लास्कमधला एक थेंब इथेनॉलमध्ये टाकून खिडकीतल्या उन्हात धरला तरी कडेनं निळसर झाक दिसते. पण ही झाक फार थोड्या पायराझोलिननंही येते. "तयार व्हायला लागलं" एवढंच ती सांगते. "पूर्ण झालं" हे चाल्कोनचा ठिपका गेल्यावरच म्हणायचं.

जुन्या पुस्तकांत क्नोर चाचणी असते: तीव्र सल्फ्युरिक आम्ल, त्यात फेरिक क्लोराइडचा थेंब आणि मग निळा-जांभळा रंग. इथे तिच्यावर विसंबू नका. अॅसेटिक अॅसिडमध्ये जास्तीचं फिनाइल हायड्रॅझिन उकळलं की थोडं अॅसिटाइल फिनाइल हायड्रॅझिन तयार होतं आणि तेही याच आम्लात जांभळं होतं. ते गरम पाण्यात विरघळतं, म्हणून गाळलेला माल गरम पाण्यानं एकदा ढवळून पुन्हा गाळा.

वितळणबिंदू घेताना शेवटचे दहा अंश मिनिटाला एक-दोन अंश याच वेगानं चढवा. थर्मामीटर आधी तपासा: बेन्झोइक आम्ल १२२ अंश, युरिया १३३ अंश. युरिया प्रयोगशाळेतलाच घ्या. शेतातल्या पोत्यातल्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. वितळण्याची रुंदी दोन अंशांपेक्षा जास्त आली तर नमुना पाठवू नका. पुन्हा स्फटिक काढा. अशुद्ध नमुन्याला चांगलं यंत्र फक्त जास्त गोंधळ दाखवतं.

आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम, रेणूत कुठले बंध आहेत ते दाखवणारा) जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा मिळतो. चाल्कोनचा कार्बोनिल बँड १६५५ ते १६६० सेंमी⁻¹ च्या आसपास ठळक असतो. पायराझोलिनमध्ये तो जायला हवा आणि तेच महत्त्वाचं आहे. बरेच प्रबंध "१५९५ ला कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध दिसला, म्हणून वलय तयार झालं" असं लिहितात. त्याच जागी बेन्झिन वलयाचे बँडही येतात, त्यामुळे एकट्या १५९५ ला मी पुरावा मानत नाही. ३३०० च्या आसपास टोकदार बँड आला तर कुठेतरी नायट्रोजन-हायड्रोजन बंध आहे. मग एक तर हायड्रॅझोन (वलय बंद होण्याआधीचा टप्पा) बंद न होता तसाच राहिलाय, नाहीतर मघाचं अॅसिटाइलवालं संयुग आत आहे.

पावसाळ्यात इथे हमखास चूक होते. आयआरसाठी नमुना ज्यात मिसळून टिकली (पेलेट) दाबतात ते पोटॅशियम ब्रोमाइड हवेतलं पाणी ओढतं. पाण्याचा एक रुंद बँड ३४०० ला आणि दुसरा १६३५ च्या आसपास येतो. मग कोणी तो उरलेला कार्बोनिल समजतं, कोणी त्यालाच कार्बन-नायट्रोजन म्हणून मोकळं होतं. पोटॅशियम ब्रोमाइड ११० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवून डेसिकेटरमध्ये गार करा. २०० मिलीग्रॅममध्ये नमुना दीड-दोन मिलीग्रॅमच घाला. नमुना नसलेल्या कोऱ्या पेलेटचा आलेखही सोबत काढून ठेवा. हे दोन बँड त्यात दिसले की प्रश्न मिटला.

एनएमआरला पाठवताना १५ ते २० मिलीग्रॅम पूर्ण सुकवलेला नमुना काचेच्या छोट्या बाटलीत भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीतून गेला तर ०.८ ते १.३ पीपीएमला (पीपीएम ही एनएमआरच्या आलेखाची मोजपट्टी) तेलकट उंचवटे येतात. अर्जात सॉल्व्हंट ड्यूटरेटेड क्लोरोफॉर्म लिहा. डीएमएसओ सांगितला तर त्यातल्या पाण्याचा सिग्नल ३.३३ ला येतो. आपले महत्त्वाचे प्रोटॉन ३.१ आणि ३.८ ला असतात, त्यांच्या अगदी मध्ये तो बसतो.

बाटली पाठवायच्या आधी वहीत अपेक्षित उत्तर लिहून ठेवा. वलयातल्या एकाच कार्बनवरचे दोन हायड्रोजन सारखे नसतात, कारण शेजारच्या कार्बनवर एका बाजूला क्लोरोफिनाइल उभं असतं. म्हणून तीन वेगळे सिग्नल यायला हवेत: ३.१, ३.८ आणि ५.२ पीपीएमच्या आसपास. प्रत्येकी एक हायड्रोजन, प्रत्येक डबलेट ऑफ डबलेट, म्हणजे चार रेघांचा. पहिल्या दोघांत १७ हर्ट्झचं अंतर समान, पाचव्या कार्बनवरच्या हायड्रोजनशी एकाचं ७ आणि दुसऱ्याचं १२. हे आकडे तुम्ही स्वतः हर्ट्झमध्ये काढा, फक्त "मल्टिप्लेट" लिहून सोडू नका. या तीन आकड्यांतच वलयाचा आकार लिहिलेला आहे. अरोमॅटिक भागात १४ हायड्रोजन. १५ भरले तर ७.२६ चा क्लोरोफॉर्म आत मोजला गेलाय. १८-२० भरले तर चाल्कोन उरलंय. २.१० ला सिंगलेट म्हणजे अॅसेटिक अॅसिड, १.२५ ट्रिप्लेट आणि ३.७ क्वार्टेट म्हणजे इथेनॉल. धुण्या-सुकवण्यात कसर राहिली.

कार्बन-१३ मध्ये ४३ आणि ६४ च्या आसपास दोन सिग्नल, १४७ ला कार्बन-नायट्रोजन, आणि १९० ला काहीच नाही. सगळे मिळून १५. मासमध्ये (रेणूचं वजन मोजणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये) एक प्रोटॉन चिकटलेल्या रेणूचे ३३३ आणि ३३५, उंची ३ ला १, म्हणजे क्लोरीन जागेवर आहे. पण क्लोरीन कुठल्या वलयावर आहे हे मास सांगत नाही. क्लोरो अॅसिटोफिनोन आणि साधं बेन्झाल्डिहाइड अशी अदलाबदल झाली तरी वजन तेच भरतं. ते बाटलीवरच्या लेबलवरून आणि चाल्कोनच्या वितळणबिंदूवरून आधीच पक्कं करायचं. मूलद्रव्य विश्लेषणात कार्बन ७५.७८, हायड्रोजन ५.१५, नायट्रोजन ८.४२ टक्के यायला हवं, फरक ०.४ पर्यंत चालतो. कार्बन ७३.८ च्या आसपास आला तर रेणूमागे अर्धा रेणू पाणी आहे. नमुना व्हॅक्युम डेसिकेटरमध्ये ठेवून पुन्हा पाठवा.

आणि एनएमआरमधले वलयाचे तीनही सिग्नल गायब, ६.८ च्या आसपास एकच सिंगलेट, मासमध्ये ३३१ असं आलं तर वलयातले दोन हायड्रोजन गेलेत. पायराझोलिनचं पायराझोल झालंय. उजेडात आणि हवेत महिनोन्‌महिने ठेवलेल्या नमुन्यात असं होतं. म्हणून स्फटिक काढल्यापासून पंधरा दिवसांत नमुना पाठवा आणि उरलेला तपकिरी बाटलीत, झाकण घट्ट लावून, फ्रिजमध्ये ठेवा. बाटलीवर स्फटिक काढल्याची तारीख लिहा.