काट्यावर पास, चढावर उलाळ

जुलैची सकाळ, खोपोलीत पावसाची झड लागलेली. बोरघाट सुरू होण्याआधीच गाडी कडेला घेऊन ड्रायव्हरने फोन केला. "साहेब, स्टेअरिंग एका बोटाने फिरतंय. घाट चढवू का?" चढवू नका म्हणालो आणि कळंबोलीहून निघालो.

गाडी दहा चाकी, लोखंड बाजारात भरलेली. हौद्यात पत्र्याच्या दोन कॉइल (गुंडाळलेल्या पत्र्याची भेंडोळी, मधे आरपार भोक), प्रत्येकी ९,३०० किलो. व्यास सुमारे १.४ मीटर, रुंदी ०.९ मीटर. वजनकाट्याची पावती गाडी-माल मिळून २७,८०० किलो. तीन एक्सलच्या गाडीला २०१८ पासून २८ टनांची परवानगी आहे (त्याआधी २५ होती), म्हणजे कागदावर गाडी दोनशे किलोंनी आतच. पॉवर स्टेअरिंगचं तेल, पंपाचा पट्टा, किंगपिन, पुढच्या टायरची हवा, सगळं ठीक. मागचे पाटे (स्प्रिंगच्या कमानदार पट्ट्या) मात्र सपाट होऊन बसले होते आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे बघत होते. मागचं बूड खाली गेलं की दिव्यांचा झोत वर जातो. रात्री समोरच्याचे डोळे दिपतात ते बरेचदा अप्पर लाइटमुळे नव्हे, अशा भरणीमुळे.

जवळच एक वजनकाटा होता. तिथे गाडी पूर्ण न चढवता आधी फक्त पुढची चाकं प्लेटवर घेतली, मग फक्त मागची दोन एक्सल. या मोजणीत फसायला फार वेळ लागत नाही. काट्याच्या अलीकडची-पलीकडची जमीन प्लेटच्या पातळीत हवी. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला हवा, नाहीतर पाटे ताणलेले राहतात आणि आकडा खोटा येतो. चाकांना गुटके मात्र लावायचेच. दोन्ही आकड्यांची बेरीज पूर्ण वजनाशी जुळली नाही तर पुन्हा मोजायचं.

पुढे ४,३५०, मागे २३,४५०. जुळलं. आणि रोगही सापडला. पुढच्या एक्सलची मर्यादा ७,००० किलो, मागच्या जोडएक्सलची २१,०००. मागे जवळजवळ अडीच टन जादा आणि पुढचं एक्सल अर्ध्याहून थोडंच जास्त भरलेलं. रिकाम्या गाडीचे आकडे डायरीत होतेच : पुढे ४,२००, मागे ५,०००. साडेअठरा टनांवर माल चढूनही पुढच्या चाकांवर फक्त दीडशे किलो वाढले होते!

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. भार आखाच्या मागे गेला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. ट्रकचं जू म्हणजे त्याची पुढची चाकं. त्यात चढावर भार आणखी मागे सरकतो. भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १.६ मीटरवर धरला आणि वीस मीटरला एक मीटर चढ असला, तर पुढून अजून साडेचारशे किलो कमी होतात. ओल्या वळणावर स्टेअरिंग फिरवाल, चाकं वळतील, गाडी सरळ जाईल.

भरणाऱ्याची चूक भीतीपोटी झाली होती. कॉइल आडवी, भोक बाजूला ठेवून ठेवली की जोरात ब्रेक लागल्यावर ती केबिनकडे घरंगळते. म्हणून त्याने दोन्ही कॉइल केबिनपासून जमेल तितक्या लांब, बरोबर जोडएक्सलच्या डोक्यावर आणल्या. पण घरंगळणं अंतराने थांबत नाही. ते पाचरीने आणि साखळीने थांबतं. उलट जितकी मोकळी जागा, तितका कॉइलला वेग घ्यायला वाव.

खरं तर ट्रकचा सगळा इतिहास म्हणजे वजन कुठे ठेवायचं याचीच खटपट आहे. १८९६ मध्ये डाइमलरने केलेला दीड टनी पहिला ट्रक म्हणजे जवळजवळ घोडा सोडलेली गाडी, इंजिन मागे. दोनच वर्षांत त्यांनी ते उचलून पुढच्या एक्सलच्याही पुढे नेलं. आपल्याकडे १९५४ पासून टाटा-मर्सिडीज आल्या, त्या लांब नाकाच्या. इंजिन पुढे, त्यामागे ड्रायव्हर, त्यामागे हौदा, त्यामुळे मालाचा जवळजवळ सगळा भार मागच्या एक्सलवर. केबिन इंजिनवर बसवल्यावर तेवढ्याच लांबीत हौदा पुढे सरकला आणि पुढचं एक्सलही मालाला खांदा देऊ लागलं. मागे दुसरं एक्सल जोडलं की दहा चाकी, ज्याला कुठल्याही कंपनीचा असला तरी लोक टॉरस म्हणतात. पुढेही दुसरं वळणारं एक्सल दिलं की बारा चाकी. छोटा हत्तीसुद्धा (२००५, पाऊण टन) यातून सुटलेला नाही. फरशीच्या पेट्या फाळक्याशी रचून बघा, स्टेअरिंग तसंच पोकळ लागतं.

आता दुरुस्ती. पुढचं एक्सल ते जोडएक्सलचा मध्य, हे अंतर ४.९ मीटर. मालाचा मध्य जोडएक्सलच्या मध्यापासून जितका पुढे, त्या अंतराला मालाच्या वजनाने गुणायचं आणि ४.९ ने भागायचं. तेवढं वजन पुढच्या एक्सलवर जातं. मागचं २१,००० च्या आत आणायला दोन्ही कॉइल आहेत त्या जागेपासून किमान ६४.५ सेंटिमीटर पुढे हव्यात आणि ६९.८ च्या पुढे नेल्या तर पुढचं एक्सल ओव्हरलोड. जेमतेम पाच सेंटिमीटरची फट! गाडी परवानगीच्या काठोकाठ भरली की हे असंच होतं. दोन टन कमी घेतले असते तर हीच फट कितीतरी रुंद झाली असती. ६७ धरले.

कोणीतरी १४ टनी हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) बोलावू म्हणालं. नको म्हणालो. १४ टन हे बूम, म्हणजे क्रेनचा हात, आखूड आणि माल जवळ असतानाचे. हौद्याच्या फळीवरून आत पोचायला बूम लांबवला की क्षमता झपाट्याने उतरते आणि ९.३ टनांची कॉइल ओल्या जमिनीवर अधांतरी लटकते. खोपोलीतच एका कारखान्याच्या शेडमध्ये ओव्हरहेड क्रेन मिळाली. सी-हूक (इंग्रजी C च्या आकाराचा आकडा) कॉइलच्या भोकात घालून आधी पुढची, मग मागची. खाली रबरी पट्टे, कारण ओलं लोखंड लोखंडावर साबणासारखं सरकतं. पुढून-मागून सागवानी पाचरी, त्या मागेपुढे होऊ नयेत म्हणून आडव्या लाकडी पट्टीला ठोकलेल्या. प्रत्येक कॉइलच्या भोकातून दोन साखळ्या पुढे, दोन मागे ताणल्या. हिशेब पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर धरून केला, म्हणजे एका कॉइलमागे सुमारे साडेसात टन. फुलीसारखा फक्त वरून टाकलेला रस्सा इथे शोभेचाच.

पुन्हा काटा. पुढे ६,८८०, मागे २०,९२०. पाट्यांना पुन्हा कमान आली होती. हौद्याच्या फळीवर दोन्ही पाचरींच्या जागी ऑइल पेंटने रेघा मारून घेतल्या आणि दुपारी अडीचला गाडी घाटाला लागली. साखळ्या पहिल्या पन्नास किलोमीटरांत सैल पडतात, म्हणून लोणावळ्याच्या पुढे थांबून साखळ्या ताणायचे लिव्हर परत आवळायला सांगितलं. ड्रायव्हरने तिथूनच फोन केला. दोन साखळ्या अर्धी-अर्धी कडी सैल झाल्या होत्या.