गेंट: तीन मनोरे, एक किल्ला आणि जुनी भांडणं

बेल्जियममध्ये ब्रुसेल्सला मुक्काम असला की आपली बहुतेक मंडळी एक दिवस ब्रूजला जाऊन येतात आणि वाटेतलं गेंट गाडीच्या खिडकीतूनच बघतात. मी म्हणेन, दिवस एकच असेल तर गेंटला उतरा. ब्रूज देखणं आहे, पण गेंट विद्यापीठाचं गाव आहे, रात्रीही जागं असतं.

ब्रुसेल्सहून रेल्वेने अर्धा-पाऊण तास लागतो. गेंट-सिंट-पीटर्स स्टेशन जुन्या गावापासून लांब आहे, म्हणून ट्रामने थेट जुन्या गावातला कोरनमार्क्ट हा चौक गाठा; बँकेचं कार्ड टॅप केलं की तिकीट झालं. रस्ते दगडी फरसबंदीचे. चाकांची बॅग स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका.

आधी सिंट-मिखिल्स पुलावर जा. तिथून तीन मनोरे ओळीने दिसतात: सिंट-निकोलास चर्च, बेलफोर्ट म्हणजे शहराचा घंटामनोरा, आणि सिंट-बाफो कॅथेड्रल. यातला 91 मीटर उंचीचा बेलफोर्ट ना राजाचा, ना चर्चचा, तो शहराचा. नगराला मिळालेल्या हक्कांच्या सनदा इथे कुलपात असत, आणि माथ्यावर 1377 पासून तांब्याचा ड्रॅगन पहाऱ्याला आहे. लिफ्ट आहे, पण ती पहिल्या मजल्यापासून. तोवर गोल जिना चढावाच लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुलाखालीच ख्रासलेई हा नदीचा धक्का. धान्याच्या जहाजांना इथे थांबून मालाचा काही हिस्सा विकावाच लागे, शहराचा पैसा तिथून आला. पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची घरं सुंदर आहेत, पण सगळी अस्सल मध्ययुगीन समजू नका. 1913 च्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यातल्या बऱ्याच घरांना नवं रूप दिलं गेलं. जाड दगडी भिंतींचं धान्यकोठार मात्र खरोखर जुनं, रोमनेस्क म्हणजे गॉथिकच्याही आधीच्या काळातलं.

या श्रीमंत व्यापाऱ्यांना जरब बसावी म्हणून या फ्लँडर्स प्रांताचा सरदार काउंट फिलिप याने 1180 मध्ये ग्राव्हेनस्टेन किल्ला बांधला. पुढे तिथे न्यायालय, तुरुंग, टांकसाळ असं सगळं झालं, आणि शेवटी चक्क सूतगिरणी! आवारात कामगारांची बिऱ्हाडं होती. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे चित्र डोळ्यासमोर आणायला वेळ लागत नाही. 1949 मध्ये विद्यार्थ्यांनी बिअर महागली म्हणून हाच किल्ला ताब्यात घेतला आणि पोलिसांवर सडकी फळं फेकली. तिकिटात मिळणारा ऑडिओ गाइड एका विनोदी कलाकाराने केलाय, तो जरूर घ्या.

गेंटकरांचा ताठा जुनाच. सम्राट पाचवा चार्ल्स 1500 साली इथेच जन्मला, पण त्याच्या करालाही गावाने नकार दिला. 1540 मध्ये त्याने प्रतिष्ठित नागरिकांना गळ्यात फास अडकवून अनवाणी चालवलं. गेंटकरांना ‘फासवाले’ हे नाव तेव्हापासून पडलं आणि ते आज अभिमानाने मिरवतात. नगरभवनही बघाच: एक बाजू नक्षीने गच्च भरलेली गॉथिक, पुढे बांधलेली दुसरी सरळसोट रेनेसाँ.

सगळ्यात जास्त वेळ कॅथेड्रलला द्या. आत जायला पैसे नाहीत, पण व्हॅन आइक बंधूंचं लाकडी फळ्यांवर रंगवलेलं 1432 सालचं वेदीचित्र (चर्चच्या वेदीवर ठेवायचं चित्र) पाहायला ठरावीक वेळेचं तिकीट लागतं; ते आधीच ऑनलाइन काढा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा जाऊ नका. फ्रेंचांनी काही फळ्या पॅरिसला पळवल्या, नाझींनी अख्खं चित्र मिठाच्या खाणीत दडवलं. ‘न्यायी न्यायाधीश’ ही फळी 1934 मध्ये चोरीला गेली ती गेलीच. दिसते ती प्रतिकृती. 2012 पासून सफाई टप्प्याटप्प्याने चालली आहे, तेव्हा कुठली फळी जागेवर नाही हे तिकीट काढताना बघून घ्या. मधल्या फळीवर येशूचं प्रतीक म्हणून काढलेल्या कोकरावरचा नंतरचा रंग काढल्यावर खालून माणसासारखे रोखून पाहणारे डोळे निघाले. मी त्या डोळ्यांसमोरून लवकर हललोच नाही.

जुलैतल्या गेंट उत्सवात खोल्या मिळणं मुश्कील होतं, किमतीही चढतात. शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. 2009 पासून इथे गुरुवार हा शाकाहाराचा वार म्हणून चालवला जातो. फक्त बटाट्याचे फ्राइज घेताना तेल विचारा, कारण पारंपरिक पद्धतीत ते गाईबैलांच्या चरबीत तळतात.